दहा सेंटिमीटरच्या डब्याची दिशा: उपग्रहाच्या अभिमुखता नियंत्रणाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

दहा सेंटिमीटर बाजूचा आणि १.२ किलो वस्तुमानाचा एक घनाकृती डबा तयार करायचा आहे. कक्षेतील लहान उपग्रहाप्रमाणे त्याने स्वतःचे गरगरणे थांबवावे, सांगितलेल्या दिशेकडे तोंड करावे आणि तिथेच टिकून राहावे, एवढे उद्दिष्ट आहे. आकार क्यूबसॅट या लहान घनाकृती उपग्रहांच्या प्रमाणित मापावरून घेतला आहे. सुरुवातीला तिन्ही अक्षांचा विचार बाजूला ठेवून डबा दोऱ्याने टांगला, म्हणजे उभ्या अक्षाभोवतीचे फिरणेच तेवढे मोकळे राहते.

पहिली अडचण दोऱ्यानेच उभी केली. पिळाच्या सुती दोऱ्याला वजन लावताच त्याचा पीळ उलगडू लागतो आणि डबा आपोआप फिरू लागतो. त्याऐवजी ०.३ मिलिमीटर जाडीची, एकेरी तंतूची, मासेमारीसाठी वापरतात तशी नायलॉनची दोरी एक मीटर लांब घेतली. तिची पिळण्याला विरोध करण्याची ताकद मोजण्याची पद्धत सोपी आहे: डबा पाव फेरा वळवून सोडायचा आणि एका पूर्ण आंदोलनाचा काळ घ्यायचा. हा काळ सव्वापाच मिनिटे आला. डब्याचे जडत्व आघूर्ण (फिरवले जाण्याला वस्तू करते त्या विरोधाचे माप) सुमारे ०.००२ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले, तर दोरीचा टॉर्क (फिरवणारा जोर) प्रत्येक रेडियनमागे ०.८ मायक्रोन्यूटन-मीटर आणि एका पूर्ण फेऱ्याला ५ मायक्रोन्यूटन-मीटर होतो. प्रवाह दिला की चुंबक बनून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधारे डबा वळवणाऱ्या ज्या कॉइल (तारेची वेटोळी) पुढे बसवायच्या आहेत, त्यांचा कमाल टॉर्क ६ मायक्रोन्यूटन-मीटरच्या आसपासच असणार. म्हणजे दोरी कॉइलशी जवळजवळ बरोबरीने झगडली असती आणि कोणतेही मोजमाप विश्वासार्ह राहिले नसते.

दोरीचा हा विरोध जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या प्रमाणात घटतो. म्हणून ०.२ मिलिमीटर जाडीची, दोन मीटर लांब दोरी लावली. आंदोलनकाळ साडेसोळा मिनिटांवर गेला, म्हणजेच विरोध दहापटीने कमी झाला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्यापूर्वी हे मोजमाप करावे. आपल्या नियंत्रणाची ताकद किती आणि नको असलेल्या टॉर्कची किती, हा हिशेब आधी मांडल्याशिवाय पुढच्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

१९ जानेवारी

पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर विसंबून काम करायचे, तर ते क्षेत्र आपल्या ताब्यात असायला हवे. त्यासाठी लाकडी चौकटीवर हेल्महोल्ट्झ कॉइलची, म्हणजे मधल्या जागेत एकसारखे क्षेत्र देणाऱ्या दोन समांतर कॉइलची, एक जोडी बांधली. उभ्या अक्षाभोवती फिरवणारा टॉर्क क्षेत्राच्या केवळ आडव्या घटकातून मिळतो, त्यामुळे या टप्प्यावर एक जोडी पुरते. चौकोनी कॉइलसाठी दोन कॉइलमधील अंतर बाजूच्या ०.५४४५ पट ठेवावे लागते. बाजू एक मीटर असल्याने ते अंतर ५४.४५ सेंटिमीटर झाले. प्रत्येक कॉइलला ४० वेढे दिले. एक अँपिअर प्रवाहाला मध्यभागी सुमारे ६५ मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळते, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते २५ ते ६५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असते, हे पाहता एवढी क्षमता पुरेशी आहे.

जोडीला ३२० मीटर तार लागली आणि आतापर्यंतच्या खर्चात तिचाच वाटा सर्वांत मोठा आहे. लाकूड निवडण्याचे कारण स्वस्ताई नव्हे. लोखंडी कोन वापरले तर क्षेत्र वाकडे होते, म्हणून सांधेही पितळी स्क्रूंनी केले आहेत.

चाचणीत क्षेत्र हळूहळू उतरत असल्याचे दिसले. तार तापली की तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, आणि पॉवर सप्लाय स्थिर व्होल्टेजवर असल्याने प्रवाह त्या प्रमाणात घटत होता. स्थिर प्रवाहाच्या पद्धतीवर सप्लाय वळवताच हा दोष गेला.

२ फेब्रुवारी

डब्याच्या दोन उभ्या, एकमेकींना लंब असलेल्या बाजूंच्या आत ८ सेंटिमीटर चौरस आकाराच्या, २०० वेढ्यांच्या कॉइल बसवल्या. ०.१ अँपिअर प्रवाहाला प्रत्येकीचे चुंबकी आघूर्ण (चुंबक म्हणून तिच्या ताकदीचे माप) ०.१२८ अँपिअर-मीटर वर्ग होते आणि ५० मायक्रोटेस्ला क्षेत्रात ती जास्तीत जास्त ६.४ मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क देते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण कक्षेत हवेचा आणि बेअरिंगचा अडथळा नसल्याने तेवढ्यावर उपग्रह खरोखर वळतो.

मॅग्नेटोमीटरने, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरने, मात्र बराच वेळ खाल्ला. कॉइल बंद असतानाही डबा फिरवला की क्षेत्राची दिशा नव्हे तर परिमाणच बदलत होते, जे शक्य नाही. शोध घेतल्यावर कारण बॅटरीत सापडले: दंडगोलाकार लिथियम-आयन सेलचे आवरण निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते आणि ते चुंबकित होते. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पातळ वेष्टनातील लिथियम-पॉलिमर सेल घेतले, पोलादी स्क्रू काढून पितळी व नायलॉनचे लावले, बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून टाकल्या. ही बाब केवळ मोजमापाची नाही. उपग्रहात ०.०१ अँपिअर-मीटर वर्ग एवढे चुंबकत्व शिल्लक राहिले, तर ४० मायक्रोटेस्ला क्षेत्रात त्याच्यावर ०.४ मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क कार्य करतो. एवढ्याच आकाराच्या घनावर सूर्यप्रकाशाच्या दाबाने येणारा टॉर्क याच्या शेकडो पटींनी लहान असतो. लहान उपग्रहाला कक्षेत सर्वाधिक छळणारी गोष्ट त्याच्या स्वतःच्या पोटात असू शकते.

दुसरा दोष कॉइल चालू असतानाच्या वाचनाचा होता. डब्यातील कॉइलचे क्षेत्र सेन्सरजवळ पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून दर दशांश सेकंदाचे दोन भाग केले: ८० मिलिसेकंद कॉइल चालू, उरलेल्या २० मिलिसेकंदांत कॉइल बंद ठेवून क्षेत्र शांत झाल्यावर वाचन. यामुळे टॉर्कचा पाचवा हिस्सा जातो, पण त्याला पर्याय नाही.

१४ फेब्रुवारी

गरगरणे थांबवण्यासाठी बी-डॉट नावाची पद्धत वापरली. क्षेत्राचा घटक ज्या वेगाने बदलतो त्याच्या विरुद्ध चिन्हाचे चुंबकी आघूर्ण त्या अक्षावरील कॉइलने निर्माण करायचे, इतकेच तिचे स्वरूप आहे. आपण कोणत्या दिशेला आहोत हे तिला माहीत असण्याची गरज नसते. म्हणूनच प्रक्षेपकापासून सुटल्यावर वेडेवाकडे फिरणाऱ्या लहान उपग्रहांवर पहिले काम बहुधा हिलाच दिले जाते.

सेकंदाला ३० अंश वेगाने डबा सोडला आणि काहीही झाले नाही. कॉइल चालू होत्या, त्यांचा बारीक गुणगुण आवाज येत होता, पण वेग कमी होत नव्हता आणि वाढतही नव्हता. सेन्सरचा बोर्ड त्याच्या एका आडव्या अक्षाभोवती उलटा बसलेला होता, त्यामुळे आडव्या अक्षांपैकी एकाचे चिन्ह बरोबर आणि दुसऱ्याचे उलट येत होते. एक कॉइल जेवढा वेग खात होती तेवढाच दुसरी भरून देत होती. दोन्ही चिन्हे चुकली असती तर डबा वेग घेताना दिसला असता आणि दोष लगेच कळला असता. एकच चूक असली की ती लपून राहते. आता प्रत्येक कॉइल एकटी चालवून, दुसरी बंद ठेवून, वेग घटतो का हे पाहिल्याशिवाय मी दोन्ही एकत्र सुरू करत नाही.

चिन्ह दुरुस्त केल्यावर डबा साडेतीन मिनिटांत जवळजवळ थांबला. हिशेबाने पावणेतीन मिनिटांपेक्षा थोडे कमी पुरायला हवे होते. कॉइल बंद ठेवून तोच प्रयोग केला, तेव्हा हवेच्या घर्षणाने तेवढ्या वेळात वेग फारच थोडा घटला, त्यामुळे थांबवण्याचे श्रेय कॉइललाच देता येते.

मात्र पूर्ण थांबणे या पद्धतीने होत नाही. सेकंदाला एक अंश वेग उरला की दोन वाचनांमधील फरक ०.०९ मायक्रोटेस्लाहूनही कमी होतो आणि माझ्या सेन्सरचा गोंगाट (वाचनातील अनियमित चढउतार) त्याच्या तिप्पट आहे. त्याच्या पुढे कॉइल गोंगाटाचाच पाठलाग करतात. वेग दीड अंशाखाली आला की काम जायरोकडे (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे) सोपवणारी अट प्रोग्रॅममध्ये घातली.

१ मार्च

जायरोने कोनीय वेग कळतो, कोन नाही. वेगाची बेरीज करत कोन काढला की सेन्सरची शून्यापासूनची लहानशी चूकही साठत जाते. माझ्या जायरोची चूक बोर्ड तापल्यावर सेकंदाला ०.१ अंशाने सरकते, म्हणजे मिनिटाला ६ अंश आणि तासाला एक पूर्ण फेरा. डबा संपूर्ण स्थिर असताना प्रोग्रॅमला तो फिरत असल्याचे वाटते आणि ते न झालेले फिरणे थांबवण्यासाठी तो खरोखरचे फिरणे सुरू करतो.

हे वाचून कोणाला ही केवळ स्वस्त सेन्सरची अडचण वाटेल, म्हणून हितोमीची आठवण इथे नोंदवतो. जपानची ही क्ष-किरण वेधशाळा १७ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रक्षेपित झाली आणि २६ मार्चला तिचा संपर्क तुटला. तारामापकाचे (ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या सेन्सरचे) वाचन ग्राह्य न धरले गेल्याने, स्थिर असलेले यान ताशी २१.७ अंश वेगाने फिरत असल्याचा चुकीचा अंदाज तिच्या संगणकात टिकून राहिला. रिअॅक्शन व्हीलनी (उलट दिशेला फिरून यान वळवणाऱ्या आतल्या चाकांनी) ते नसलेले फिरणे थांबवताना खरे फिरणे निर्माण केले. पुढे सुरक्षित अवस्थेत जाण्यासाठी थ्रस्टर (यान ढकलणारी छोटी इंजिने) सुरू झाले, तेव्हा त्यांच्या नियंत्रणाचे आकडे चुकीचे असल्याने वेग आणखी वाढला आणि सौरपट्ट्यांसह काही भाग तुटून गेले. आकाशाकडे पाहणारा सेन्सर नाकारण्याचा नियम लिहिताना, तो नाकारल्यावर विश्वास कशावर ठेवायचा हेही लिहावे लागते. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता जायरो आणि सूर्यसेन्सर यांच्यातील फरक वाढत जाऊन २० अंशांपलीकडे गेला, तर पुढे बसवायचे चाक आहे त्या वेगावर गोठवले जाईल आणि पुन्हा बी-डॉट सुरू होईल, अशी अट आहे.

सूर्यसेन्सर म्हणजे चार बाजूंना चार फोटोडायोड (प्रकाश मोजणारे भाग), आणि सूर्य म्हणजे दूर ठेवलेला एक दिवा. कोन १५ अंशांपर्यंत चुकत होता, कारण पांढऱ्या भिंतीवरून परतणारा प्रकाश मागच्या डायोडवर पडत होता. भिंतीवर काळे कापड लावल्यावर चूक ३ अंशांवर आली. कक्षेत ही भिंत पृथ्वी असते. ती सूर्यप्रकाशाचा सरासरी ३० टक्के भाग परत फेकते आणि साध्या सूर्यसेन्सरला फसवते. तिला कापडाने झाकता येत नसल्याने, खऱ्या उपग्रहाच्या प्रोग्रॅममध्ये तिचा हिशेब धरावा लागतो.

१५ मार्च

रिअॅक्शन व्हील बसवले: ६० ग्रॅमची पितळी कडी, ब्रशलेस मोटर, जडत्व आघूर्ण डब्याच्या सुमारे एक-त्रेचाळीसांश. डब्याने मिनिटाला एक फेरा घ्यावा यासाठी चाकाचा वेग मिनिटाला साधारण ४३ फेऱ्यांनी उलट दिशेला बदलावा लागतो. पहिल्यांदा डबा सांगितल्या कोनाकडे वळून तिथे थांबला, तेव्हा कितीतरी वेळ मी त्याच्याकडे नुसते पाहत होतो. बाहेरून त्याला कोणीही स्पर्श केलेला नव्हता.

चाक शून्य वेगातून दिशा बदलते त्या क्षणी मात्र बेअरिंगचे स्थिर घर्षण आडवे येते. मोटर आधी अडते, मग एकदम सुटते, आणि डबा दोन अंश झटका खातो. नियंत्रणाचे गुणांक बदलून हे सुधारत नाही, तिथे वेळ घालवू नये. उपाय हाच की शून्य वेग टाळायचा. आता चाक मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालू ठेवूनच डबा सोडला जातो आणि सगळे नियंत्रण त्या वेगाच्या आसपास होते. अनेक उपग्रहांत चार चाके तिरपी बसवतात, त्यामागे एखादे बंद पडले तरी तिन्ही अक्ष हाती राहावेत हे मुख्य कारण असते. पण चारही चाके फिरती ठेवून त्यांच्या संवेगांची बेरीज शून्य ठेवता येते, हाही त्या रचनेचा मोठा फायदा आहे. केपलर अवकाश दुर्बिणीच्या चारपैकी एक चाक २०१२ मध्ये आणि दुसरे २०१३ मध्ये निकामी झाले. उरलेल्या दोन चाकांच्या जोडीला सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन तिचे काम २०१४ पासून २०१८ पर्यंत चालवले गेले.

एक विचित्र दोष सापडायला फार वेळ गेला. चाकाचा वेग मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या जवळ आला की मॅग्नेटोमीटर स्थिर पण चुकीची दिशा दाखवत असे. १७०० किंवा १९०० वर तेच वाचन थरथरत असे, आणि थरथर दिसते म्हणून तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०, आणि वाचन सेकंदाला १०. प्रत्येक वाचनाच्या वेळी मोटरचे चुंबक नेमके त्याच स्थितीत परत आलेले असत, त्यामुळे त्यांचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात बेमालूम मिसळून जात होते. प्रोग्रॅममध्ये गाळणी (फिल्टर) लावून हे निघत नाही, कारण गाळायला बदलच शिल्लक नसतो. सेन्सर मोटरपासून ३ सेंटिमीटरवर होता. तो एका पट्टीच्या टोकाला, ९ सेंटिमीटर अंतरावर नेला. चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे इथे सत्तावीस पट. उपग्रहांवर मॅग्नेटोमीटर लांब दांडीच्या टोकाला बसवलेले दिसतात, ते याचसाठी.

२९ मार्च

चाक संवेग साठवते, नाहीसा करत नाही. हे दाखवण्यासाठी दोरीचे वरचे टोक मुद्दाम दहा फेरे पिळले, म्हणजे डब्यावर सतत ५ मायक्रोन्यूटन-मीटरचा टॉर्क लागू झाला. डबा आपल्या दिशेवर अर्ध्या अंशाच्या आत स्थिर होता, पण चाकाचा वेग मिनिटाला १५०० वरून चढतच राहिला आणि चाळीस मिनिटांच्या सुमारास ४००० या मोटरच्या मर्यादेला पोहोचला. त्यानंतर नियंत्रण संपले आणि डबा दोरीच्या मर्जीने फिरू लागला. मर्यादा येण्यापूर्वीच्या आलेखात डब्याच्या कोनावर याची कसलीही खूण नाही. नोंद घेताना कोनाबरोबर चाकाचा वेग लिहिला नाही, तर ही परिस्थिती आधी कळण्याचा मार्ग नाही.

चाकातील संवेग बाहेर टाकायला बाहेरचाच टॉर्क लागतो. हबल दुर्बीण त्यासाठी पृथ्वीच्या क्षेत्रावर काम करणारे चुंबकी दंड वापरते, आणि इथे तेच काम डब्यातील कॉइलना दिले. दहा फेऱ्यांच्या पिळाला त्या पुरल्या नाहीत: ८० टक्के वेळ चालणारी कॉइल सरासरी ५.१ मायक्रोन्यूटन-मीटर देते, म्हणजे दोरीशी जेमतेम बरोबरी. चाकाचा वेग थोपला, उतरला नाही. पीळ पाच फेऱ्यांवर आणल्यावर तो उतरू लागला आणि ४००० वरून १५०० पर्यंत यायला सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागला.

तेही डब्याचे तोंड अनुकूल असताना. कॉइलचा अक्ष क्षेत्राला समांतर आला की तिचा टॉर्क शून्य होतो, आणि त्या स्थितीत दुसरी कॉइल वापरावी लागते. उभ्या अक्षासाठी दोन कॉइलनी हा प्रश्न सुटतो. तीन अक्षांच्या उपग्रहात तो कधीच पूर्ण सुटत नाही, कारण कितीही कॉइल असल्या तरी क्षेत्राच्या रेषेभोवती टॉर्क मिळतच नाही. तिथे मदतीला येते ती कक्षा. सुमारे दीड तासाच्या प्रदक्षिणेत क्षेत्राची दिशा यानाच्या दृष्टीने बदलत राहते, आणि आता जे शक्य नाही ते पाव प्रदक्षिणेनंतर शक्य होते. हे अनुकरण टेबलावर करायचे तर कॉइलच्या तीन जोड्या आणि बदलता प्रवाह लागेल.

३ मे

तीन अक्षांसाठी अर्धगोलाकार हवाई बेअरिंग घेतले. दाबाच्या हवेच्या पातळ थरावर अर्धगोल तरंगतो आणि घर्षण जवळजवळ उरत नाही. तबकडीसह वस्तुमान २ किलो झाले. सोडल्याबरोबर डबा एका बाजूला कलंडला आणि तिथेच राहिला.

इथे शत्रू गुरुत्वाकर्षण आहे. २ किलोचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या केंद्रापासून एक मायक्रोमीटर सरकला, तरी जवळजवळ २० मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क निर्माण होतो, कॉइलच्या सरासरी टॉर्कच्या चौपट. कक्षेत ही अडचण मुळातच नसते, पण जमिनीवर चाचणी करणाऱ्याचा सगळा वेळ हीच खाते. तीन अक्षांवर आट्यांच्या दांड्यांवर १० ग्रॅमची पितळी वजने बसवली. आट्यांमधील अंतर अर्धा मिलिमीटर असल्याने वजनाचा एक पूर्ण फेरा गुरुत्वमध्य २.५ मायक्रोमीटर हलवतो. आधी आडवे दोन अक्ष जुळवायचे, मग उभ्या अक्षावर आंदोलनकाळ मोजत वजन चढवत न्यायचे. ०.००६ किलोग्रॅम-मीटर वर्ग जडत्व आघूर्णासाठी ११ सेकंदांचा काळ म्हणजे गुरुत्वमध्य १०० मायक्रोमीटर खाली, आणि ३५ सेकंदांचा म्हणजे १० मायक्रोमीटर.

२० सेकंदांच्या पुढे काळ जाईना, आणि डावीकडून व उजवीकडून सोडल्यावर वेगवेगळा येई. बॅटरीची एक तार सैल होती आणि डबा कलला की ती लोंबून बाजू बदलत होती. सगळ्या तारा दर दोन सेंटिमीटरवर बांधून टाकल्या, सेलखाली दुहेरी चिकटपट्टी लावली.

२४ मे

आंदोलनकाळ ६० सेकंदांवर पोहोचला आहे, म्हणजे गुरुत्वमध्य केंद्राच्या ३.४ मायक्रोमीटर खाली. डबा १ अंश कलला तर गुरुत्वाचा टॉर्क १.१५ मायक्रोन्यूटन-मीटर होतो, त्यामुळे एकट्या कॉइलवर त्याला ४ ते ५ अंशांपलीकडे कलवून धरता येत नाही. उभ्या अक्षाभोवती तो पूर्ण फिरतो आणि सांगितल्या दिशेला थांबतो.

कोन शून्य ते ३६० अंशांत मोजत असताना ३५५ वरून ५ अंशांकडे जाण्यासाठी तो उलट बाजूने जवळजवळ पूर्ण फेरा घेत असे. आता अभिमुखता क्वाटर्निअनमध्ये, म्हणजे चार आकड्यांच्या संचात, ठेवली आहे. तिथेही एकच स्थिती धन आणि ऋण अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, म्हणून हव्या आणि प्रत्यक्ष दिशेतील फरक दाखवणाऱ्या क्वाटर्निअनचा अदिश भाग ऋण आला की चारही घटकांची चिन्हे बदलणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये ठेवावी लागली. ती ओळ काढून पाहिली, तर लांबचा फेरा परत सुरू होतो.